किडनी ट्रान्सप्लांटनंतर आईला शुगर निघाली – सकाळी नॉर्मल, दुपारी २८६

मालवकन्या (इंदूर) – सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आईचं किडनी ट्रान्सप्लांट यंदा गणपती उठल्यावर इथेच इंदूरला झालं. किडनी बाबांनी दिली. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) १.१ वर स्थिर आहे, लघवी छान होते, बीपीची एक गोळीसुद्धा बंद झाली. आईला आधी कधीच शुगर नव्हती, तिची किडनी गेली ती जुन्या बीपीमुळे.

तपासणीत दर वेळी उपाशीपोटीची शुगर ९९, १०४, १०८ अशी येते, त्यामुळे त्या बाजूने काळजी वाटली नव्हती. पण हल्ली आई रात्री सारखी उठते, तोंडाला कोरड पडते म्हणते. पाणी भरपूर प्यायला सांगितलेलंच आहे, म्हणून हे पाण्याने होतंय की आणखी कशाने, ते कळेना. आज शेजारच्या काकूंच्या ग्लुकोमीटरवर दुपारी चार वाजता पाहिलं तर २८६. साबणाने हात धुऊन, पुसून, दुसऱ्या बोटाला पुन्हा टोचलं. २७९.

संध्याकाळी आत्या आली होती. ती सहज बोलून गेली, "बरं वाटायला लागलं म्हणून गोड सुरू केलं असेल वहिनींनी." आई तिच्यासमोर काही बोलली नाही, नंतर आत जाऊन रडली. तिचा चहासुद्धा फिका असतो हो.

औषधं: शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस दोन वेळा, मायकोफेनोलेट दोन वेळा, वायसोलोन सकाळी १० मिलिग्रॅम (आधी २० होती), शिवाय बीपीची आणि इन्फेक्शन होऊ नये म्हणून दिलेली. पुढची अपॉइंटमेंट गुरुवारी आहे. तोवर थांबू का? ही शुगर कायमची का? आणि एका नातेवाइकांनी सुचवलंय की टॅक्रोलिमसनेच होतं हे, तर डोस थोडा कमी करून बघा. तसं करता येतं का?

दुसरा_जन्म (इंदूर) – सोमवार, रात्री ११:०५

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, वायसोलोन यांपैकी कशालाही घरच्या घरी हात लावायचा नाही. एक डोससुद्धा नाही. शुगर इन्सुलिनने खाली आणता येते. रिजेक्शन आलं, म्हणजे शरीराने किडनी नाकारली आणि ती गेली, तर ती परत आणता येत नाही. बाबांनी दिलेली किडनी आहे, दुसरी मिळायची नाही.

मी स्वतः ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे, बरीच वर्षं झाली. माझंही अगदी असंच झालं होतं, सकाळी शंभरच्या आसपास आणि दुपारनंतर तीनशेच्या घरात. तुमच्या आईंनी काही चुकीचं खाल्लेलं नाही, हे त्यांना आजच सांगा. माझ्या आजूबाजूला किती तरी पेशंट आहेत ज्यांनी साखरेचा कणही न खाता ही शुगर पाहिली आहे.

गुरुवारपर्यंत थांबू नका. उद्या सकाळी हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करा आणि "दुपारी चारला २८६, पुन्हा २७९, रात्री लघवीला उठते" एवढं नेमकं सांगा. नुसतं "शुगर वाढली आहे" म्हटलं तर "गुरुवारी बघू" असं उत्तर येऊ शकतं. आकडा आणि वेळ सांगितली की लगेच दखल घेतात.

फिजिशियन_पलासिया (इंदूर) – मंगळवार, सकाळी ७:३०

वरचा सल्ला शब्दशः पाळा. मी फिजिशियन आहे, ट्रान्सप्लांट टीममधला नाही, म्हणून आईंचा डोस ठरवणार नाही. पण हे का होतं ते नीट सांगतो, कारण घरच्यांना कारण कळलं की अर्धी भांडणं थांबतात.

याला ट्रान्सप्लांटनंतरचा मधुमेह म्हणतात. वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण १० ते ४० टक्के पेशंटना तो होतो असं दिसतं. आकड्यांत एवढी तफावत, कारण कोणती औषधं, किती डोस, कोणत्या वयाचे पेशंट, शुगर कधी आणि कशी तपासली, सगळ्यावर ते अवलंबून आहे. म्हणजे तुमच्या आईंचं काही जगावेगळं झालेलं नाही.

दोन औषधं यात मुख्य आहेत. टॅक्रोलिमस आपली प्रतिकारशक्ती दाबतं ते कॅल्सिन्युरिन नावाचं एक एन्झाइम अडवून. तेच एन्झाइम स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींनाही लागतं. त्यामुळे इन्सुलिन कमी तयार होतं. सायक्लोस्पोरिननेही हे होतं, पण टॅक्रोलिमसने जास्त. रिजेक्शन रोखण्यात मात्र टॅक्रोलिमस सरस, म्हणून बहुतेक ठिकाणी तेच देतात.

दुसरं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, म्हणजे तुमची वायसोलोन. त्याने शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि लिव्हर जास्त साखर सोडायला लागतं. सकाळी आठला गोळी घेतली की चार ते आठ तासांनी तिचा जोर सगळ्यात जास्त, म्हणजे दुपारच्या जेवणापासून संध्याकाळपर्यंत. रात्री तो ओसरतो. म्हणून सकाळी उपाशीपोटी तपासाल तर शुगर साधीसुधी दिसते आणि दुपारी चारला २८६. स्टिरॉइडवर असलेल्या पेशंटची फक्त उपाशीपोटीची शुगर बघणं म्हणजे चोर येऊन गेल्यावर पहारा देणं. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि संध्याकाळच्या जेवणाआधी तपासायला हवी.

एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) करून आणा असं कोणी म्हटलं आणि ते ५.८ आलं, तर लगेच निश्चिंत होऊ नका. ही तपासणी लाल रक्तपेशींवर अवलंबून असते. ट्रान्सप्लांटच्या आगेमागे रक्त कमी असतं, रक्त चढवलेलं असतं, रक्त वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं झालेली असतात. पेशी नव्या असल्या की एचबीए१सी खोटं कमी दाखवतं. पहिले तीन महिने तरी त्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये.

आणखी दोन-तीन गोष्टी विचारतो, उत्तरं इथे दिली नाहीत तरी चालेल, पण टीमला सांगा. आईंच्या माहेरी कोणाला मधुमेह आहे का? हेपटायटिस सी कधी झाला होता का? मॅग्नेशियम तपासलंय का? टॅक्रोलिमसने मॅग्नेशियम कमी होतं, आणि ते कमी असलेल्यांत हा मधुमेह जास्त दिसतो.

उलट्या, खूप सुस्ती, श्वास लागणं, ताप, किंवा शुगर ३०० च्या वर जाऊन खाली न येणं, यांतलं काहीही असेल तर फोनची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत जा.

राजेंद्रनगरचे_आजोबा (इंदूर) – मंगळवार, सकाळी ८:१५

चि. मालवकन्या, काळजी करू नकोस. आमच्या काळी शुगर म्हटलं की सकाळी अनशापोटी कारल्याचा रस आणि गुळवेलीचा काढा. मला स्वतःला वीस वर्षं मधुमेह आहे आणि कारल्याने मला फायदा झाला आहे. आईंना देऊन पाहा. निसर्गातली वस्तू आहे, अपाय होणार नाही.

फिजिशियन_पलासिया (इंदूर) – मंगळवार, सकाळी ८:४०

काका, तुमचा हेतू चांगला आहे आणि तुमच्या बाबतीत तुमचा अनुभव खरा असेल. पण ट्रान्सप्लांटच्या पेशंटसाठी गुळवेल नकोच. गुळवेल प्रतिकारशक्ती जागवते म्हणून आपण घेतो, आणि इथे सगळी औषधं ती दाबून ठेवायला दिलेली आहेत. शिवाय गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आपल्याकडेच प्रसिद्ध झाल्या आहेत. कारल्याची भाजी खुशाल खावी. रोज वाटीभर रस मात्र नको, इन्सुलिन सुरू झालं आणि त्यात हा रस, तर शुगर कधी किती खाली येईल याचा हिशोब लागत नाही.

फळांत पपनस पूर्ण बंद. आपल्याकडे बाजारात चकोतरा म्हणतात तोच. ग्रेपफ्रूटही तसंच. आतड्यात टॅक्रोलिमस मोडणारं एन्झाइम त्याने थांबतं आणि रक्तातली लेव्हल भसकन वाढते.

राजेंद्रनगरचे_आजोबा (इंदूर) – मंगळवार, सकाळी ९:००

डॉक्टरसाहेब, हे मला माहीत नव्हतं. सांगितलंत ते बरं झालं. मालवकन्या, माझा काढा राहू दे, डॉक्टर म्हणतात तसंच कर. आणि आईंना म्हणावं, एक म्हातारा त्यांच्यासाठी रोज रामरक्षा म्हणतो आहे.

बडोद्याची_सून (वडोदरा) – मंगळवार, दुपारी १:२०

मी थोडी वेगळी बाजू सांगते. माझ्या यजमानांना ट्रान्सप्लांटच्या आधीपासून मधुमेह होता, किडनी त्यानेच गेली. डायलिसिसवर असताना शेवटी शेवटी त्यांचं इन्सुलिन इतकं कमी झालं होतं की डॉक्टरांनी जवळपास बंदच केलं. घरात सगळे म्हणायचे, शुगर बरी झाली, देव पावला. एकदा तर डायलिसिसहून परत येताना रिक्षात त्यांची शुगर ५० च्या खाली गेली होती.

ट्रान्सप्लांट अहमदाबादला झालं. नवीन किडनी चालू झाली आणि चार दिवसांत इन्सुलिन पूर्वीपेक्षाही जास्त लागायला लागलं. मी घाबरले, मला वाटलं किडनीत काहीतरी बिघडलं. तेव्हा तिथल्या सिस्टरने समजावलं की इन्सुलिन शरीरातून बाहेर काढायचं मोठं काम किडनी करते. किडनी बंद पडलेली असते तेव्हा टोचलेलं इन्सुलिन तासन्‌तास रेंगाळतं, म्हणून शुगर कमी राहते. चांगली किडनी आली की ती इन्सुलिन झटपट साफ करते. त्यात स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमस. म्हणून इन्सुलिन वाढणं म्हणजे किडनी बिघडली असं नाही, उलट ती काम करते आहे.

मालवकन्या, तुमच्या आईचंही कदाचित असं असेल की थोडी शुगर आधीपासून होती आणि किडनी गेल्यामुळे लपून राहिली होती.

आणि आत्याबाईंचं मनावर घेऊ नका. इथे बडोद्यात आमच्या शेजारी डाळीतही गूळ घालतात आणि त्यांच्यातल्या कित्येकांना शुगर नाही. माझ्या यजमानांना मात्र कोणीही विचारायचं, "काय खाल्लंत?" किडनी मिळाल्यावर माणूस आधीच ओझ्याखाली असतो, ती जपण्याची जबाबदारी त्याला सतत जाणवत असते. त्यात हा आरोप सहन होत नाही.

फिजिशियन_पलासिया (इंदूर) – मंगळवार, दुपारी २:१०

बडोदेकर ताईंनी फार नेमकं सांगितलं. डायलिसिसवर शुगर आपोआप "बरी" होणं हा अनेकांचा गोड गैरसमज असतो.

मालवकन्या (इंदूर) – मंगळवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे खूप आभार. सकाळी फोन केला, आकडे आणि वेळ जशीच्या तशी सांगितली, दुपारीच बोलावलं. आईचे मामा आणि आजी दोघांना मधुमेह होता, ते सांगितलं. टॅक्रोलिमसची लेव्हल पाठवली आहे. मॅग्नेशियम खरंच कमी निघालं, त्याची गोळी दिली.

सकाळच्या वायसोलोनबरोबरच एनपीएच इन्सुलिन सुरू केलं आहे, दुधाळ दिसतं ते. सिस्टरने पेन तळहातांमध्ये धरून हळूहळू फिरवायला शिकवलं, आतलं सगळं एकसारखं पांढरं होईपर्यंत. जोरात हलवायचं नाही म्हणाल्या. मग दोन युनिट हवेत सोडून बघायचं, सुईच्या टोकावर थेंब आला की पेन चालू आहे. नंतर पोटाला टोचायचं, बटण दाबून दहापर्यंत आकडे मोजायचे आणि मगच सुई बाहेर काढायची. आईने स्वतःच टोचून घेतलं. बाबांचेच हात थरथरत होते.

बाबांचं वेगळंच चाललंय. त्यांना वाटतं, आपल्या किडनीतून तिला शुगर गेली.

फिजिशियन_पलासिया (इंदूर) – मंगळवार, रात्री १०:१५

बाबांना स्पष्ट सांगा, किडनीतून मधुमेह जात नाही. दाता म्हणून घेण्याआधी त्यांची शुगर, गरज पडली तर ग्लुकोज पाजून दोन तासांनीही, बघितलेली असते. मधुमेह असता तर त्यांची किडनी बहुधा घेतलीच नसती. पण त्यांनी स्वतःची वर्षातून एकदा शुगर, बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासायला हवं, आयुष्यभर. एका किडनीवर आहेत ते. पेशंटच्या फायली जाडजूड होतात आणि दात्याची फाइल डिस्चार्जनंतर कपाटात जाते, हे मी फार पाहिलं आहे.

सकाळचं एनपीएच का, तेही कळलं असेल. त्याचा जोर टोचल्यावर साधारण चार ते दहा तासांनी असतो, नेमका वायसोलोनच्या जोराच्या वेळी, आणि रात्री तोही उतरतो. दोघांचे चढउतार जुळतात.

आता पुढची गोष्ट आधीच लिहून ठेवा. वायसोलोन १० वरून ७.५, मग ५ वर येईल. डोस कमी झाला की दोन-तीन दिवसांत इन्सुलिनही कमी करावं लागतं. बऱ्याच घरांत वायसोलोन कमी केलेलं लक्षात असतं आणि इन्सुलिन तेच चालू राहतं, मग संध्याकाळी शुगर खाली जाते. पहिल्यांदा डोस घटवतील तेव्हा "इन्सुलिनचं काय करायचं?" हे तिथेच विचारून घ्या.

लष्करकर (ग्वाल्हेर) – बुधवार, सकाळी ६:४५

ग्वाल्हेरहून लिहितोय. माझ्या काकांना सहा-सात वर्षांपूर्वी दिल्लीत किडनी बसवली. त्यांची शुगर छान आटोक्यात होती. दोन वर्षांपूर्वी जांघेत बुरशी झाली, जवळच्या एका दवाखान्यातून फ्लुकोनॅझोल लिहून मिळालं. तिथे "ट्रान्सप्लांट झालंय" हे सांगितलं होतं, पण कोणती औषधं चालू आहेत ते विचारलं गेलं नाही. आठवडाभरात काकांचे हात थरथरायला लागले, शुगर तीनशेच्या वर, क्रिएटिनिनही चढलं. लेव्हल केली तर टॅक्रोलिमस नको तेवढं वर. फ्लुकोनॅझोलने टॅक्रोलिमसचं मोडणं थांबतं हे तेव्हा आम्हाला कळलं. टॅक्रोलिमस वाढलं तसं तेच शुगर वाढवत होतं आणि किडनीलाही त्रास देत होतं. दिल्लीच्या टीमने औषध बदललं, लेव्हल खाली आली, शुगरही उतरली.

क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम यांनीही लेव्हल वाढते. टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिटची फेनिटॉइन उलट लेव्हल पाडतात, आणि मग रिजेक्शनची भीती. जुलाब झाले तरी लेव्हल वाढते, हे मला सगळ्यात नवीन होतं. आमच्याकडे आता नियम आहे, दुसऱ्या कोणीही काही लिहून दिलं की आधी फोटो काढून ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना पाठवायचा, होकार आला की मगच मेडिकलवर जायचं.

लेव्हलचं रक्त सकाळचा डोस घ्यायच्या आधी द्यायचं. काका एकदा सवयीने गोळी घेऊनच लॅबमध्ये गेले आणि तो अख्खा रिपोर्ट कुचकामी ठरला.

आहारवाली (इंदूर) – बुधवार, सकाळी ११:३०

आहारतज्ज्ञ आहे, इंदूरचीच. खाण्याबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते.

ट्रान्सप्लांटच्या पेशंटची अडचण अशी की डायलिसिसच्या काळात त्याला डाळ मोजून, फळं बंद, भाजी उकळून पाणी टाकून द्यायची, असं शिकवलेलं असतं. किडनी आली की सगळं बदलतं. प्रथिनं वाढवायची असतात, जखम भरायची असते. त्यात स्टिरॉइडने भूक भयंकर लागते. पेशंटला वाटतं आपण अधाशी झालोय. तसं नाही, ती गोळीची भूक आहे. तेव्हा "कमी खा" असं न म्हणता काय खायचं ते बदला.

आपल्या इंदुरी सकाळचं बघू. पोहे सोडायला लावत नाही, इंदूरच्या माणसाला पोहे सोडायला सांगणं मला पटत नाही. पण बशीभर पोहे आणि वर जलेबी हे गेलं. अर्धी बशी पोहे, त्यात मटार आणि शेंगदाणे सढळ हाताने, वर शेव चिमूटभर, बाजूला मुगाच्या डाळीचा चिला किंवा उकडलेलं अंडं. शुगर किती सावकाश चढते ते दोन तासांनी स्वतः तपासून बघा. दुपारच्या जेवणात भात घ्यायचाच तर तो आधी नको. कोशिंबीर आणि वरण-भाजी-पोळी आधी, भात शेवटी थोडा. दुपार हीच जोखमीची वेळ आहे, हे वर डॉक्टरांनी सांगितलंच आहे. म्हणून दुपारचं ताट सर्वांत हलकं ठेवा आणि जेवल्यावर वीस मिनिटं घरातल्या घरात चाला. झोपायला नंतर वेळ आहे.

टॅक्रोलिमसने पोटॅशियमही वाढू शकतं. रिपोर्टमध्ये ते जास्त असेल तर मधुमेहासाठी कोणी सांगितलेलं शहाळं, भाज्यांचं सूप, वाटीभर राजमा हे सगळं विचारून घ्या. शुगरच्या पेशंटची यादी आणि किडनीच्या पेशंटची यादी दोन वेगळ्या कागदांवर घेऊ नका, एकाच माणसाकडून एकच यादी करून घ्या.

आता सराफा आणि छप्पन, आपल्या इंदूरच्या खाऊगल्ल्या. मला कळतं की थंडी आली की गराडू (तळलेला कंद) आठवतो. गराडू गरम तेलातून निघतो, त्याची भीती कमी. खरी भीती चटणी, शिकंजी, बर्फ, कापून ठेवलेली फळं, पाणीपुरी यांची, कारण दबलेल्या प्रतिकारशक्तीत पोटाचं इन्फेक्शन झालं की जुलाब, जुलाबाने टॅक्रोलिमसची लेव्हल वर, आणि मग ग्वाल्हेरच्या दादांनी लिहिलेलं सगळं चक्र सुरू. पहिलं वर्ष बाहेरचं नकोच. गराडू घरी तळा, आठ तुकडे ताटात, बाकी सगळ्यांना.

उपास: संकष्टी, एकादशी, नवरात्र, काहीही असो, एनपीएच टोचून उपास करायचा नाही. साबुदाण्याची खिचडी तर शुगर झपाट्याने चढवते आणि पोटात प्रथिनं काहीच जात नाहीत. वायसोलोन रिकाम्या पोटी घेऊन दिवसभर बसणंही वाईट. आमच्या एका पेशंट आजींनी उपासाच्या दिवशी मीठ सोडलं, बाकी जेवल्या. देवाला ते पोचलं असेल.

मालवकन्या (इंदूर) – बुधवार, दुपारी ३:००

@आहारवाली, एकच यादीची गोष्ट फार कामाची. आमच्याकडे खरोखरच दोन कागद होते आणि एकात मोसंबी "चालेल", दुसऱ्यात "बंद".

प्रश्न: गोळ्यांवर कधी येता येतं? आईला सुईचं काही वाटत नाही, पण बाहेरगावी लग्नाला वगैरे जायचं तर गोळी सोपी.

फिजिशियन_पलासिया (इंदूर) – बुधवार, रात्री ८:२०

बऱ्याच जणांना पुढे गोळ्या पुरतात, काहींची शुगर औषधांशिवायही आटोक्यात येते, स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमसचे डोस उतरल्यावर. पण सुरुवातीचं इन्सुलिन म्हणजे अपयश नाही. दमलेल्या बीटा पेशींना त्याने विसावा मिळतो. ऑपरेशननंतर लगेच इन्सुलिन दिलेल्यांत पुढे मधुमेह कमी राहिला असं दाखवणारे अभ्यास आहेत.

गोळ्यांपैकी लिनाग्लिप्टिनचा डोस किडनीप्रमाणे बदलावा लागत नाही, म्हणून ती अनेकदा निवडतात. मेटफॉर्मिन ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) चांगला असेल तर चालते, ४५ च्या खाली गेला की जपून आणि ३० च्या खाली नाही. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी करायचा असेल तर मेटफॉर्मिन चालू आहे हे आधी सांगायचं. ग्लिबेनक्लामाइड जुनी आणि स्वस्त, पण तिने शुगर लांबलचक खाली राहते, किडनीच्या माणसाला टाळतातच. एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या हृदयाला आणि किडनीला चांगल्या, पण लघवीतून साखर जाते, त्यामुळे जननेंद्रियांना बुरशी होते. ट्रान्सप्लांटनंतर ती सुरू करायची की नाही आणि कधी, हे टीमनेच ठरवायचं. सुरू केलीच तर उलट्या-जुलाब-ताप किंवा ऑपरेशन असेल तेव्हा ती बंद ठेवायची.

कमी शुगरचंही लिहून ठेवा. ७० च्या खाली म्हणजे कमी. थरथर, घाम, गोंधळल्यासारखं होणं. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा साखर, वर आली की पोळी-भाजी. आईंना बीपीसाठी मेटोप्रोलोल किंवा कार्व्हेडिलोल असेल तर धडधड जाणवणार नाही. घाम मात्र येतो. अचानक घाम फुटला की आधी टोचून बघायचं.

दुसरा_जन्म (इंदूर) – बुधवार, रात्री ९:१०

एक गोष्ट मला आवर्जून लिहायची आहे. किडनी चालू आहे, लघवी होतेय, म्हणून शुगर २०० राहिली तरी "चालतंय" असं अनेक पेशंट म्हणतात. नाही चालत. नवीन किडनीला शुगर तशीच इजा करते जशी जुनीला केली असती. आणि किडनी उत्तम चालत असताना जे पेशंट जातात, त्यांच्यात हृदयविकार हे मोठं कारण आहे. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल तिन्ही धरून ठेवायचं.

पायांकडे रोज बघा, बोटांच्या मधेसुद्धा. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा. नाक चोंदलं, गाल दुखला, डोळ्याभोवती सूज आली, नाकातून काळपट आलं तर घरी वाफ घेत बसू नका. २०२१ मध्ये एमवाय हॉस्पिटलमध्ये काळ्या बुरशीचे वॉर्ड कसे भरले होते ते इंदूरने पाहिलं आहे. शुगर जास्त आणि स्टिरॉइड चालू, याच दोन गोष्टी तेव्हा बहुतेकांत होत्या, आणि आपल्यात त्या कायम असू शकतात.

माझी किडनी ओळखदेख नसलेल्या माणसाची आहे. इंदूरमध्ये २०१५ पासून ग्रीन कॉरिडॉर (दान केलेला अवयव वेळेत पोचावा म्हणून मोकळा केलेला रस्ता) होत आहेत, त्यातल्याच एका वेळी दात्याच्या कुटुंबाने होकार दिला. त्यांना मी आभार म्हणायला भेटू शकत नाही. ग्लुकोमीटरची पट्टी रोज वापरणं मला जमतं.

मालवकन्या (इंदूर) – रविवार, सायंकाळी ६:३०

कळवते. टॅक्रोलिमसची लेव्हल ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली, टीमनेच डोस किंचित कमी केला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा लेव्हल सांगितली. इन्सुलिन एकदा वाढवलं. आज दुपारी चारला १६८. रात्री आई एकदाच उठली. आत्याला हा धागा मोबाइलवर वाचायला दिला. ती वाचून आईजवळ जाऊन बसली आणि आज मुगाचे चिले तिनेच केले.

शेवटचा प्रश्न: पुढे उन्हाळ्यात मुंबईला जायचं आहे, रेल्वेने. इन्सुलिनचं पेन कसं न्यायचं? आणि इथे मे महिन्यात वीज गेली की फ्रिजही बंद असतो.

बडोद्याची_सून (वडोदरा) – रविवार, रात्री ८:००

न उघडलेली पेनं फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत. फ्रीझरमध्ये किंवा त्याला चिकटून कधीच नाही, एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. वापरातलं पेन बाहेर चालतं, ३० अंशांच्या आत. ते उघडल्यावर किती दिवस टिकतं ते कंपनीप्रमाणे बदलतं, खोक्यावर लिहिलेलं असतं. उघडल्याची तारीख पेनावर चिकटपट्टी लावून लिहा.

वीज गेली की आम्ही मातीच्या माठात थोडं पाणी ठेवून त्यात झाकणाचा कोरडा स्टीलचा डबा ठेवतो आणि पेन डब्यात. माठ सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळून. रेल्वेत थर्मासमध्ये, बर्फाला पेन थेट लागू द्यायचं नाही, मधे रुमालाची घडी. सामानाच्या बॅगेत नको, पर्समध्ये ठेवा, आणि टॅक्रोलिमसही त्याच पर्समध्ये, दोन-तीन दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या धरून. गाडी उशिरा पोचली तरी डोसची वेळ चुकायला नको. साखरेच्या पुड्या त्याच कप्प्यात ठेवा, आणि आईच्या शेजारी बसणाऱ्याला त्या कुठे आहेत ते गाडी सुटण्याआधीच दाखवून द्या.